कॅथलिक शाळेत शिकलेलं मोठेपणी चाळताना: सिद्धान्त किती, कायदा किती, शाळेची शिस्त किती? (चर्चेचा धागा; प्रत्येक प्रतिसादावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

तिसरा बाक

कॅथलिक शाळेत दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यात काही वाक्यं आयुष्यभर जशीच्या तशी राहतात. "ख्रिस्तप्रसाद दातांनी चावायचा नाही." "शुक्रवारी मांस खाल्लं की घोर पाप." "कन्फेशनमध्ये एक पाप लपवलं तर सगळंच कन्फेशन वाया." "बाप्तिस्मा न झालेलं बाळ लिम्बोत जातं." (ख्रिस्तप्रसाद म्हणजे मिस्सा या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, कन्फेशन म्हणजे धर्मगुरूपुढे पापं सांगून क्षमा मागणं, बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार, लिम्बो म्हणजे स्वर्गाबाहेरची, पण यातना नसलेली अशी कल्पिलेली जागा.) ही सगळी वाक्यं एकाच वर्गात, एकाच आवाजात ऐकलेली असतात, म्हणून एकाच वजनाची वाटतात. प्रत्यक्षात तशी नसतात. पहिलं कुठल्याही कायद्यात नाही. दुसरा कायदा आहे, पण तो बराच बदललाय. तिसरं खरं आहे, पण त्याच्या अटी मुलांपर्यंत पोचलेल्या नसतात. चौथं तर कधी सिद्धान्त म्हणून घोषितच झालेलं नव्हतं.

मोठेपणी मागे वळून बघताना माणसं बहुतेकदा दोनच टोकं गाठतात. एक तर सगळं खरं मानून भीती बाळगत राहतात, नाहीतर सगळं थोतांड म्हणून टाकून देतात. दोन्हीत चाळणी लावायचं राहून जातं. माझ्या मते चार चाळण्या लागतात: धर्मसिद्धान्त, चर्चचा कायदा, भक्तीच्या प्रथा आणि शाळेची स्वतःची शिस्त.

कृती सोपी आहे, पण वेळ खाते. एक वही घ्या. आठवतं तसं वाक्य शब्दशः लिहा. त्याच्यापुढे तीन गोष्टी नोंदवा: त्या वेळी तुमचं वय, साधारण वर्ष, आणि कुणी कुठे सांगितलं. धर्मशिक्षणाच्या तासाला, मैदानावर सिस्टरांनी, की बाकावरच्या मैत्रिणीने? मैत्रिणीकडून आलेलं बरंच निघतं. मग दोन पुस्तकांत शोधा. शिकवण बघायला १९९२ चा 'कॅटेकिझम ऑफ द कॅथलिक चर्च'. त्यात २,८६५ क्रमांकित परिच्छेद आहेत आणि मागे विषयसूची आहे. कायदा बघायला १९८३ ची धर्मसंहिता, तिचे १,७५२ कॅनन, म्हणजे कलमं. दोन्हीकडे सापडलं नाही, तर ते वाक्य जवळजवळ नक्की तिसऱ्या किंवा चौथ्या चाळणीतलं.

इथे एक चूक हमखास होते. आठवणीतलं वाक्य हेच शाळेचं वाक्य होतं असं आपण धरून चालतो. आठ वर्षांचं मूल 'जाणूनबुजून', 'शक्य असल्यास', 'गंभीर कारण नसेल तर' असले शब्द गाळूनच साठवतं. त्यामुळे काही वेळा बाईंनी नीट सांगितलेलं असतं आणि अट मुलाकडून निसटलेली असते.

जुनी वही

पद्धत चांगली आहे. त्यातल्या 'साधारण वर्ष' या रकान्याला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देईन.

दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची (धर्मप्रांतांच्या प्रमुखांची) चर्चमध्ये मोठे बदल घडवणारी सभा, ११ ऑक्टोबर १९६२ ला सुरू झाली आणि ८ डिसेंबर १९६५ ला संपली. त्याआधी शाळेत गेलेल्यांनी धर्म शिकला तो प्रश्नोत्तरं पाठ करून आणि लॅटिन मिस्सा ऐकत. परिषदेनंतरच्या पंचवीसेक वर्षांत बऱ्याच ठिकाणी पाठांतर गेलं, त्याच्या जागी गाणी, चित्रं आणि गटचर्चा आल्या, व्याख्या मात्र पातळ झाल्या. १९९२ नंतरच्यांच्या हाती पुन्हा क्रमांक घातलेलं पुस्तक आलं. तेव्हा ऐंशीचा, पंचावन्नचा आणि तिशीचा माणूस 'आमच्या शाळेत असं शिकवायचे' म्हणून वाद घालतात तेव्हा तिघांचंही बरोबर असू शकतं.

आणखी एक गुंता आहे. कायदा ज्या दिवशी बदलतो त्या दिवशी वर्ग बदलत नाही. १९४० च्या दशकात घडलेल्या सिस्टर निवृत्त होईपर्यंत आपल्याला शिकवलं गेलं तेच शिकवत राहिल्या. म्हणून १९८० मध्ये शाळेत असलेल्या मुलाच्या वहीत १९५० चा नियम सापडला तर नवल वाटून घेऊ नका.

कम्युनियन म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेणं; त्याआधीच्या उपवासावरून हे नीट दिसतं. आधी मध्यरात्रीपासून काहीच चालायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. १९५३ मध्ये पाण्याने उपवास मोडत नाही असं ठरलं. १९५७ मध्ये मध्यरात्रीची अट गेली: जेवण आणि मद्य तीन तास आधी बंद, इतर पेयं एक तास आधी. १९६४ मध्ये सरसकट एक तास झाला. आजचा कॅनन ९१९ तेच सांगतो, शिवाय पाणी आणि औषधाला मुभा आहे, आणि वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे यांना तासाचीही अट नाही. अकरा वर्षांत तीनदा बदललेली गोष्ट अनंत काळचा नियम असूच शकत नाही. ती कायद्याच्या चाळणीत जाते.

शुक्रवारचंही तसंच. १९१७ च्या संहितेत मांसवर्ज्याचा नियम सात वर्षं पूर्ण झाली की लागू व्हायचा. १९८३ च्या संहितेत तो चौदा पूर्ण झाल्यावर लागू होतो, आणि एका जेवणाचा उपवास अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. शिवाय शुक्रवारी मांसवर्ज्याऐवजी दुसरं काही ठरवायची मुभा त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला आहे. म्हणजे १९९० साली नऊ वर्षांच्या मुलीने शुक्रवारी मांस खाल्लं तर तिने कुठलाच कायदा मोडलेला नव्हता. ती रात्रभर रडली असेल, तर जे तिला लागूच नव्हतं त्यासाठी रडली.

सांजदिवा

घोर पापावर सविस्तर लिहायला हवं, कारण मोठेपणी टिकून राहणारी भीती बहुतेक तिथलीच असते.

घोर पाप म्हणजे मॉर्टल सिन ठरायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: विषय गंभीर हवा, तो गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि कृती पूर्ण संमतीने केलेली हवी. कॅटेकिझमचा परिच्छेद १८५७ बघा. तिन्हींपैकी एक जरी कमी असेल तरी ते घोर पाप नाही. पुढे १७३५ मध्ये जबाबदारी कमी करणारी, काही वेळा पूर्णपणे काढून घेणारी कारणं दिली आहेत: अज्ञान, अनवधान, जबरदस्ती, भीती, सवय आणि इतर मानसिक किंवा सामाजिक घटक.

वर्गात काय व्हायचं? पहिली अट शिकवली जायची, कारण तिची यादी करता येते. फळ्यावर यादी लिहिली की तास संपला. दुसरी आणि तिसरी अट मनाच्या आतली, ती फळ्यावर मावत नाही. त्यामुळे मुलाच्या डोक्यात 'यादीतलं केलं म्हणजे नरक' एवढंच समीकरण बसलं. हे शिकवणीचं अर्धवट रूप आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच ते मूळ शिकवणीपेक्षा कठोर आहे.

रविवारच्या मिस्साचं उदाहरण घ्या. बंधन आहे, कॅनन १२४७. पण आजारपण, तान्ह्या मुलाची काळजी अशी गंभीर कारणं असली तर ते लागू होत नाही, आणि आदल्या संध्याकाळची मिस्साही चालते. घरचे घेऊन जात नाहीत म्हणून मिस्सा चुकलेल्या आठ वर्षांच्या मुलाकडे तर संमतीच नाही. तरी सोमवारी वर्गात 'काल कोण आलं नाही' म्हणून उभं केलं जायचं ते त्या मुलालाच.

विचारांबद्दलही असंच आहे. 'वाईट विचार' हा शब्द मुलांना देताना विचार येणं, तो रेंगाळणं आणि त्याला जाणून होकार देणं या तीन पायऱ्या वेगळ्या करून सांगायला हव्या होत्या. पाप असेल तर ते तिसऱ्या पायरीवर. राग, मत्सर, आकर्षण या भावना स्वतःहून चांगल्याही नाहीत आणि वाईटही नाहीत, असं परिच्छेद १७६७ स्वच्छ सांगतो. वयात येताना मुलामुलींनी जे ओझं वाहिलं त्यातलं निम्मं तरी हे एक वाक्य वेळेवर कानावर पडलं असतं तर उतरलं असतं. हस्तमैथुनाला कॅटेकिझम गंभीर विषयच मानतो, त्यात संदिग्धता नाही. पण त्याच परिच्छेदात, २३५२ मध्ये, भावनिक अपरिपक्वता, जडलेली सवय आणि चिंता यांमुळे दोष कमी होतो हेही लिहिलंय. शाळेत परिच्छेदाचा पहिला भाग पोचला, दुसरा पोचला नाही.

ओसरी

सांजदिवा, मग सात वर्षांच्या मुलाला कन्फेशनला बसवायचंच कशाला, असा प्रश्न पडतो. इतक्या लहान वयात पूर्ण जाणीव कुठून आणायची?

सांजदिवा

वय खाली आणण्यामागचा हेतू चांगला होता. १९१० पर्यंत पहिली कम्युनियन बऱ्याच ठिकाणी दहा-बारा किंवा चौदाव्या वर्षी व्हायची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पोप दहाव्या पायसने आदेश काढला: साधारण सातव्या वर्षी मुलाला विवेक येतो, त्याला कम्युनियनपासून दूर ठेवू नका. साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक कळला की पुरे. मुलांना जवळ घेणारा बदल होता तो. पण कम्युनियन खाली आली तसं कन्फेशनही खाली आलं, आणि त्याबरोबर मोठ्यांसाठी बनवलेली सगळी यंत्रणाही. गंभीर पापं प्रकार आणि संख्येसह सांगायची ही अट १५५१ मध्ये ट्रेंटच्या चर्च-परिषदेत ठरलेली. ती सात वर्षांच्या मुलापुढे आली की ते संख्या बनवतं. 'खोटं बोललो, चारदा.' सांगायला काही नसलं तर मुलं पाप तयार करून सांगतात, मग पाप खोटं सांगितल्याचं पाप लागलं म्हणून घाबरतात. धर्मशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं.

तुम्ही मोठेपणी पुन्हा कन्फेशनला जायचं ठरवलंत तर काय लागतं ते थोडक्यात. बंधन फक्त गंभीर पापांचं, वर्षातून निदान एकदा. क्षम्य, म्हणजे हलकी, पापं सांगणं चांगलं, सक्तीचं नाही. प्रामाणिक प्रयत्न करूनही विसरलेलं पाप माफ झालेलंच असतं, पुढच्या वेळी आठवलं तर सांगावं. सगळं कन्फेशन वाया जातं ते फक्त गंभीर पाप आठवत असताना मुद्दाम लपवलं तर. कन्फेशनच्या पेटीत गुडघ्यावरच बसायला हवं असं नाही, १९७३ च्या विधीपासून समोरासमोर बसूनही चालतं. वीस-तीस वर्षांनी जात असाल तर पहिलं वाक्य एवढंच ठेवा: 'फार वर्षांनी आलोय, पद्धत विसरलोय, मदत करा.' पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसली तर स्वतःच्या शब्दांत चालते. गुप्ततेचा नियम, कॅनन ९८३, निरपवाद आहे. खून सांगितला तरी, धर्मगुरूच्या स्वतःच्या जिवावर बेतलं तरी.

नीरव

इथे एक इशारा द्यायला हवा. वर सुचवलेली वही काही जणांना मदत करण्याऐवजी खड्ड्यात ढकलेल. ज्यांना 'स्क्रूपल्स'चा, म्हणजे पापाबद्दलच्या सतत टोचणाऱ्या शंकांचा, त्रास आहे त्यांनी ती करू नये.

लॅटिनमध्ये स्क्रुपुलुस म्हणजे टोकदार बारीक खडा. चपलेत शिरला तर दिसत नाही, पण प्रत्येक पावलाला टोचतो. जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नेशियस, याने १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसात हे सोसलं. तीच पापं पुन्हा पुन्हा कन्फेस करायची, तरी शंका जात नव्हती, जीव द्यायचे विचार येण्यापर्यंत मजल गेली. नंतर त्याने लिहिलेल्या सूचनांत गवताच्या काड्यांचं उदाहरण आहे. वाटेत दोन काड्या क्रूसासारख्या पडल्यात आणि त्यांवर चुकून पाय पडला. 'हे पाप झालं' असं ठरवून मोकळं होणं ही नुसती चुकीची समजूत, ती समजावून सांगता येते. पण 'पाप झालं असेल का? नसेल वाटतं. पण असेल तर?' असं मन लंबकासारखं हलत राहिलं तर तो खरा स्क्रूपल. हा फरक पाचशे वर्षांनंतरही तितकाच उपयोगी आहे, कारण दोन्हींवरचे उपाय उलट आहेत. चुकीच्या समजुतीला माहिती लागते. स्क्रूपलला माहिती देणं म्हणजे आगीत तेल.

कसं ओळखावं? उत्तर मिळाल्यावर सुटल्यासारखं वाटतं आणि तासाभरात, फार तर दिवसाभरात, तोच प्रश्न नव्या कपड्यांत परत येतो. कन्फेशनहून बाहेर पडताच 'नीट सांगितलं का' सुरू होतं. प्रार्थनेतला शब्द चुकला म्हणून सुरुवातीपासून म्हटली जाते. धर्मगुरूंना, मैत्रिणीला, परक्यांना तोच प्रश्न विचारला जातो. या धाग्यावरची परिच्छेदांची आकडेवारीही असा माणूस पन्नास वेळा वाचेल आणि त्यातून नवीन शंका काढेल.

चर्चच्या परंपरेतले जुने उपाय ठोस आहेत. एकच कन्फेसर (कन्फेशन ऐकणारा धर्मगुरू) ठेवायचा, बदलायचा नाही. मागची पापं पुन्हा उकरायची नाहीत. शंका असेल तर ते घोर पाप नाही असं धरून कम्युनियनला जायचं. शपथेवर सांगता येईल इतकी खात्री असेल तेवढंच सांगायचं. मनाची तपासणी दोन-तीन मिनिटांत आटपायची, कागदावर यादी करायची नाही. आजच्या मानसोपचारात हा मंत्रचळाच्या आजाराचा एक प्रकार मानला जातो. त्यावर भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नेहमीचा तोडगा करायचा नाही, अशी उपचारपद्धती वापरतात. जुने उपाय आणि ही पद्धत एकमेकांना चपखल बसतात. गाडी अडते ती एका ठिकाणी: धर्मगुरू दयाळूपणे दर वेळी 'नाही रे, पाप नाही' म्हणत राहतात. तो दिलासाच व्यसन होतो. म्हणून थेरपिस्ट आणि कन्फेसर यांचं एकदा तरी बोलणं घडवून आणावं.

तिसरा बाक

नीरव, आभार. वहीची सूचना देताना हे लिहायला हवं होतं. धागा वाचणाऱ्यांनी आधी नीरव यांचा प्रतिसाद वाचावा, मग माझा.

पाऊलवाट

टाकण्याजोग्या गोष्टींवर बरंच झालं. ठेवण्याजोगी एक सांगते: दिवसाअखेरीचं एग्झामेन, म्हणजे मनाची तपासणी. जेझुइट शाळांमध्ये दुपारी घंटा झाली की दोन मिनिटं डोळे मिटून बसवायचे, ते याचंच छोटं रूप.

मूळ पायऱ्या पाच आहेत. दिवसातल्या चांगल्याबद्दल आभार. स्वतःला खरं दिसावं म्हणून मागणं. तासातासाने दिवस आठवणं, आधी विचार, मग शब्द, मग कृती. क्षमा मागणं. उद्यासाठी ठराव. एकूण दहा-पंधरा मिनिटं. शाळेत आभारांची पायरी गाळून थेट चुकांवर येत असत, आणि तिथेच सगळी चव बिघडायची. आभार आधी हवेत, कारण दिवस हिशेब घ्यायच्या आधी मिळालेला असतो. ज्यांची श्रद्धा उरलेली नाही असेही लोक हे करतात. दुसरी आणि चौथी पायरी ते आपापल्या परीने बदलून घेतात.

दुसरा प्रकार विशेष एग्झामेन. एकच सवय निवडायची, समजा चिडून बोलणं. सकाळी उठताना ठराव, दुपारी मोजणी, रात्री मोजणी. कागदावर आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या, वरची रेघ दुपारची, खालची रात्रीची, आणि प्रत्येक चुकीला एक ठिपका. मग वरच्या-खालच्या रेघेची, आज-कालची आणि या-मागच्या आठवड्याची तुलना. चूक झाल्याक्षणी कुणाला कळणार नाही असा हात छातीला लावायचा, म्हणजे लक्षात राहतं. एका वेळी दोन सवयी घेतल्या की फसतं. आणि ठिपके शून्यावर आणायचा हट्ट धरला तरी फसतं, मग माणूस ठिपके लपवायला लागतो. नीरव यांनी सांगितलेला त्रास असणाऱ्यांनी या दुसऱ्या प्रकाराकडे वळूच नये.

मोकळा तास

कॅथलिक नसून अशा शाळेत शिकलेल्यांचं काय? 'बाप्तिस्मा नसलेले नरकात जातात' हे ऐकून मोठे झालेले खूप आहेत. वर्गमित्रांनी सांगितलेलं असो की कुणा मोठ्याने, ते मनात घर करतं.

जुनी वही

याचं उत्तर कागदावर स्पष्ट आहे. 'चर्चबाहेर तारण (आत्म्याचा उद्धार) नाही' हे सूत्र जुनं आहे. पण बॉस्टनच्या एका जेझुइट धर्मगुरूने, लिओनार्ड फीनीने, त्याचा कडक शब्दशः अर्थ लावायला सुरुवात केली तेव्हा रोमने १९४९ मध्ये पत्र पाठवून तो अर्थ नाकारला, आणि १९५३ मध्ये तो बोलावूनही रोमला आला नाही म्हणून त्याला बहिष्कृत केलं. म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्याही आधी. त्या परिषदेच्या १९६४ च्या 'लुमेन जेन्सियुम' या दस्तऐवजाच्या १६ व्या परिच्छेदात आहे की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता (शिकवण) ठाऊक नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाचं ऐकतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. सक्ती करून कुणाला धर्म स्वीकारायला लावू नये हे कॅनन ७४८ मध्ये आहे.

लिम्बोचं तिसरा बाक यांनी लिहिलंच आहे. कॅटेकिझम अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो, आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असं लिहिलं. आत्महत्या केलेल्यांबद्दलही शाळेत फार कठोर ऐकवलं जायचं. १९१७ च्या संहितेत जाणूनबुजून जीव दिलेल्यांना चर्चची अंत्यविधी नाकारलेली होती. १९८३ च्या संहितेत ते कलम नाही, आणि कॅटेकिझम गंभीर मानसिक त्रास, भीती, यातना यांनी दोष कमी होतो असं सांगून त्यांच्या तारणाबद्दल निराश होऊ नका म्हणतो. घरात असं कुणी गेलेलं असेल आणि शाळेतलं वाक्य अजून टोचत असेल, तर परिच्छेद २२८२ आणि २२८३ जरूर काढून वाचा.

आणखी एक: कॅथलिक नसलेल्या मुलाने नकळत रांगेत लागून ख्रिस्तप्रसाद घेतला असेल, तर त्यासाठी मोठेपणी काहीही करायची गरज नाही.

खडूफळा

चौथी चाळणी, शाळेची शिस्त. इथे शाळा चालवणाऱ्या धर्मसंघाप्रमाणे (धर्मगुरू, ब्रदर किंवा सिस्टर यांच्या संस्थेप्रमाणे) फरक पडतो, म्हणून आधी तो संघ कुठला ते शोधा. इमारतीवरच्या चिन्हातही कळतं.

जेझुइटांची १५९९ ची अभ्यासपद्धती स्पर्धा आणि उजळणीवर उभी आहे. वर्गाचे दोन पक्ष, रोजची उजळणी, वक्तृत्व, नाटक. शिक्षकाने स्वतः हात उचलायचा नाही, गरज पडली तर संघाबाहेरचा माणूस नेमायचा असा तिथे नियम आहे. जाँ-बाप्टिस्ट द ला साल याच्या ब्रदरांनी सतराव्या शतकाच्या शेवटी संपूर्ण वर्गाला एकत्र शिकवणं आणि लॅटिनऐवजी मातृभाषेतून वाचायला शिकवणं रुजवलं. त्यांच्या नियमांत शांतता इतकी महत्त्वाची, की शिक्षकाने हातातल्या दांडीच्या खुणेने पाठ थांबवायचा-चालवायचा. छडीला मुभा होती, पण रागात असताना नाही. सालेशियन संघाचा संस्थापक डॉन बॉस्को याने १८७७ मध्ये प्रतिबंधक पद्धत मांडली: मुलांमध्ये सतत वावरायचं, चूक घडायच्या आधीच आधार द्यायचा. विवेक, धर्म आणि माया हे तिचे तीन खांब, आणि मारणं टाळायचंच.

हे वाचल्यावर बऱ्याच जणांना धक्का बसतो, कारण पट्टीचे फटके आणि चारचौघांत अपमान यांना 'कॅथलिक शिस्त' म्हणून मान्यता होती असं मनात बसलेलं असतं. संस्थापकांच्या कागदांवर ती मान्यता नव्हती किंवा अतिशय मर्यादित होती. साठ मुलांचा वर्ग, प्रशिक्षण न मिळालेला शिक्षक आणि त्या काळी घरोघरी असलेली मारझोड यांतून ती आली. 'देवाला असंच हवं होतं' हे वाक्य त्यावर नंतर चिकटवलेलं आहे. फटक्यांची आठवण आणि देवाची कल्पना या दोन गोष्टी सुट्या करता आल्या, तर या सगळ्या खटाटोपातलं मोठं काम झालं असं मी म्हणेन.

नीरव

खडूफळा यांच्या मुद्द्यापुढची गोष्ट सरळ लिहितो. शिस्तीच्या पलीकडे जाऊन लैंगिक अत्याचार झाला असेल, तर ही चाळणीची बाब नाही. पहिली पायरी पोलीस किंवा वकील, आणि त्याच वेळी संस्थेशी संबंध नसलेला समुपदेशक. आठवणी लिहून काढा: इयत्ता, खोली, तासिका, त्या वर्षी वर्गात कोण होतं. नेमकी तारीख आठवत नसली तरी वर्गाचा फोटो, प्रगतिपुस्तक यांवरून वर्ष पक्कं करता येतं. मूळ कागद कुणाला देऊ नका, प्रती द्या. संस्थेच्या माणसाला एकट्याने भेटू नका आणि पहिल्याच भेटीत कशावरही सही करू नका. चर्चच्या बाजूने २०१९ च्या नियमांनी धर्मगुरू आणि संघातल्या सदस्यांवर माहिती वरिष्ठांना कळवण्याचं बंधन घातलंय, आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प राहायची अट लादता येत नाही. 'हे बाहेर बोलू नका' असं कुणी म्हणालं तर ते या नियमांच्याच विरुद्ध आहे.

पाऊलवाट

कागदपत्रांबद्दल थोडंसं, कारण हा प्रश्न नेहमी येतो. बाप्तिस्म्याची नोंद शाळेत नसते, जिथे बाप्तिस्मा झाला त्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) वहीत असते. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार), लग्न यांच्या नोंदीही तिथेच समासात चढतात. म्हणून चर्चमध्ये लग्न करताना जुना दाखला चालत नाही, समासासकट ताजा काढून मागतात, बहुधा सहा महिन्यांच्या आतला. मागताना जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि साधारण वर्ष द्या.

चर्च सोडायचं असेल तर: बाप्तिस्मा पुसला जात नाही, ही शिकवण आहे. १९८३ च्या संहितेत 'औपचारिक कृतीने चर्च सोडलेले' असा शब्दप्रयोग लग्नाच्या काही कलमांत होता. २००९ मध्ये तो काढून टाकला. तेव्हा संहितेत यासाठी वेगळी प्रक्रिया शोधत बसू नका. समासात नोंद करून मिळते का, हे ठिकाणानुसार बदलतं. परत यायचं असेल तर सहसा वेगळा विधी लागत नाही, कन्फेशन आणि कम्युनियन एवढंच.

ओसरी

एक शेवटची शंका. नऊ पहिले शुक्रवार सलग करायचे, म्हणजे नऊ महिने दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कम्युनियन घ्यायची, असं शाळेत सांगायचे. सहावा किंवा सातवा चुकला तर पुन्हा एकपासून. आठ पूर्ण करून नववा राहिला, याची रुखरुख कित्येकांना वय झालं तरी असते. हे कुठल्या चाळणीतलं?

सांजदिवा

निखळ तिसऱ्या. ही भक्ती सतराव्या शतकात मार्गारेट मेरी अलाकोक हिला झालेल्या खासगी दर्शनांमधून आली. चर्चने या भक्तीला मान्यता दिली आहे, पण खासगी दर्शन श्रद्धेच्या ठेव्यात, म्हणजे मानायलाच हव्या अशा शिकवणीत, मोडत नाही, कॅटेकिझमचा परिच्छेद ६७. न केली तर पाप नाही, अर्धी सोडली तरी नाही. नववा राहिला असेल तर पहिले आठ फुकट गेले असंही नाही, त्या आठ कम्युनियन झालेल्याच आहेत. पुन्हा करावंसं वाटलं तर करावं, रुखरुख घालवायला मात्र करू नये. रुखरुखीसाठी केलेले नऊ संपले की ती दहावा मागते.